सुटली म्हणायचं नाही

माझ्या धाकट्या जावेने गाठी मारायला सुरुवात केली तेव्हा तिला सातवा महिना लागला होता. पहिले काही दिवस तो प्रकार माझ्या ध्यानातच आला नाही. पिठाच्या पिशवीचं तोंड उघडायला गेले तर गाठीवर गाठ. मुलांच्या डब्याच्या फडक्याला दुहेरी गाठ. कपड्यांची दोरी खांबाला अशी आवळलेली की कोयता आणावा. एक दिवस माझा मुलगा शाळेतून भोकाड पसरत आला. सकाळी काकूने चड्डीची नाडी बांधून दिली होती, ती वेळेवर निघेना, आणि व्हायचं ते वर्गातच झालं.

मी चिडले. माझ्या नाकावर राग असतो असं सासूबाई म्हणतात. त्यांच्या घरात राहून तो दुसरा कुठे ठेवायचा, ते मात्र त्या सांगत नाहीत.

"अगं, घरात चोर शिरलेत का?" मी तिला म्हटलं. "काय चाललंय तुझं?"

"निघू नये म्हणून, जाऊबाई," ती म्हणाली.

जाऊबाई. लग्न होऊन आली तेव्हापासून मी जाऊबाईच. दोनदा सांगून पाहिलं, ताई म्हण, जीभ झिजायची नाही. मान हलवायची आणि पुन्हा जाऊबाई. शिष्ट आहे झालं, म्हणून मी सोडून दिलं होतं.

आमचं घर दोरवाल्यांचं. घरामागे जमिनीची एक लांब अरुंद पट्टी आहे, तिला आम्ही नुसतं 'वाट' म्हणतो. एका टोकाला चाक. एकाने चाकाचा दांडा फिरवायचा, दुसऱ्याने वाखाचा, म्हणजे घायपाताच्या धाग्यांचा, भारा कमरेला बांधून त्यातली चार तंतूंची शेंडी चाकाच्या आकड्याला अडकवायची आणि वाख सोडत सोडत मागे चालायचं. चाक पीळ देतं, चालणारा लांबी देतो, त्याचा होतो एक पदर. असे तीन पदर झाले की त्यांचा दोर. चालणाऱ्याला मागचं दिसत नाही, म्हणून चाकावरच्याने सारखं "ये... ये... ये..." म्हणत राहायचं. आवाज येतोय तोवर वाट मोकळी. आवाज थांबला की पाय थांबवायचा, मागे कुत्रं असेल, पोर असेल, दगड असेल. पोटातली पोरंसुद्धा हे ऐकूनच वाढतात आमच्याकडे.

त्या हंगामात होडीवाल्यांची मोठी मागणी आली होती. मधे त्यांनी नायलॉनचा संसार करून पाहिला होता. तो हात कापतो म्हणून पुन्हा आमच्या दाराशी आले. होड्या पाण्यात जायच्या आत माल पोचायला हवा होता. नाही पोचला तर पुन्हा या दारात पाऊल ठेवणार नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. मामंजींच्या, म्हणजे आमच्या सासऱ्यांच्या, अंगात वारं भरलं. उजाडल्यापासून चाक सुरू. दांड्यावर मी, मागे चालायला धाकटी. तिचा हात हलका, तिच्या पदराला कुठे गाठ नाही की फुगवटा नाही. मग पोट असलं म्हणून काय झालं. भारा कमरेला बसेना तर मामंजींनी त्याला पट्टा लावून तो तिच्या खांद्यावर दिला. सुनेची काळजी घेतली म्हणून त्या दिवशी ते स्वतःवरच खूष होते.

ती चालायची आणि सासूबाई ओसरीवर वाख विंचरत बसल्या जागी बोलायच्या.

"कधी एकदाची सुटतेस असं झालंय बाई."

शेजारीण कुंपणावरून, "अजून सुटली नाहीस का ग?"

दूधवाला, "काय वहिनी, केव्हा सुटताय?"

जो येईल तो सुटायचं विचारून जायचा. आणि प्रत्येक वेळी धाकटीची बोटं वाखावर आवळायची. पदर जाड व्हायचा. एकदा तर तिने बोटं अशी मिटली की वाख तुटला, पदराचं टोक हातातून गेलं आणि सगळा पीळ सरसर उतरला.

"सुटला," मामंजी ओरडले. "सुटला, सुटला. घात केलास."

दोर सुटणं म्हणजे आमच्याकडे अब्रू जाणं. सुटलेला माल मामंजी पुन्हा पिळत नाहीत. चुलीत घालतात, आणि त्या दिवशी अन्नाला शिवत नाहीत. त्या दिवशीही शिवले नाहीत. सासूबाईंनी धाकटीलाही मग वाढलं नाही. म्हातारा उपाशी आणि सून जेवते हे बरं दिसत नाही म्हणाल्या. आठव्या महिन्यातली बाई. मी माझ्या ताटातलं झाकून नेऊन दिलं, तर ती दोन घास खाऊन उठली.

"भूक नाही," म्हणाली.

तिला भूक नव्हती, झोप नव्हती. डोळ्यांखाली काजळी धरली होती. भाऊजी, म्हणजे माझा दीर, तिचा नवरा, हसायचा. "सशाचं काळीज आहे तिचं," तो यायच्या-जायच्या माणसाला सांगायचा. "बाळंतपणाला भिते. बाईमाणूस असून." हा गडी स्वतः दात काढायला गेला तेव्हा दोघांनी धरून ठेवला होता.

तपासणीला मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. भाऊजींना वेळ नव्हता, माल होता. तिथल्या बाकावर बायका दाटीवाटीने बसलेल्या, आणि सिस्टर एकेकीला गुरं हाकावीत तशी हाकत होती. धाकटीचा नंबर आला. वजन केलं, पोट चाचपलं. वजन भरत नाही म्हणून बोलणी बसली. धाकटीने सगळं ऐकून घेतलं आणि मग खाली मान घालून विचारलं, "सिस्टर, आत माझ्याजवळ कुणी थांबलं तर चालेल का?"

"आत? कशाला?"

"मला भीती वाटते."

सिस्टर टेबलाकडच्या दुसरीला म्हणाली, "ऐकलंस? हिला भीती वाटते." दोघी हसल्या. मग म्हणाली, "जगभरच्या बायका बाळंत होतात. तू काय नवलाची आहेस? आधी नाही वाटली ती भीती?"

बाकावरच्या दोघीतिघी तोंडाला पदर लावून खुदखुदल्या. धाकटीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माझं टाळकं सटकलं.

"जगभरची माणसं मरतातही," मी म्हटलं. "म्हणून मरणाची भीती कुणाला वाटतच नाही का? तिने साधं विचारलं, साधं उत्तर द्या. चालेल की नाही?"

"तुम्ही कोण?"

"थोरली जाऊ."

"मग जावेला घरी शिकवा," सिस्टर म्हणाली आणि पुढचीला हाक मारली.

बस यायला अवकाश होता. थांब्यावरच्या कट्ट्यावर बसलो. मी अजून आतल्या आत उकळत होते. धाकटी पिशवीच्या बंदाला गाठ मारत होती. एक, तिच्यावर दुसरी. मी तिच्या हातावर हात ठेवला.

"कशाची भीती वाटते तुला? कळांची?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"मग?"

ती समोर रस्त्याकडे बघत बोलायला लागली.

"माझी ताई होती. मोठी. मी लहान होते, शाळेत जायचे. ती बाळंतपणाला घरी आली होती. आई रोज म्हणायची, ताई सुटली की तुला मावशी म्हणणारं कुणीतरी येईल. मी दिवस मोजत होते. मग तिला दवाखान्यात नेलं. मी दारात बसून होते. बाबा आले. काका पुढे झाले, तर बाबा म्हणाले, सुटली. एवढंच म्हणाले आणि आत गेले."

मला पुढचं कळलं.

"मी पळत सुटले..." तिने जीभ चावली. "मी पळाले. सगळ्या गल्लीत. ताई सुटली, ताई सुटली. टाळ्या वाजवत. एका काकूंनी माझ्या तोंडात साखर घातली. दुसऱ्या म्हणाल्या, मुलगा की मुलगी? मी म्हटलं, विचारून येते. परत आले तर दारात माणसं जमली होती, आणि आई... आईने मला सगळ्यांसमोर मारलं. तोपर्यंत कधी हात लावला नव्हता. साखर तोंडातच होती माझ्या."

बस आली आणि गेली. आम्ही उठलो नाही.

"दोन्हीला एकच शब्द आहे, जाऊबाई," ती म्हणाली. "कुणी म्हटलं ना, आता सुटशील, की मला वाटतं, कुठलं?"

इतकी वर्षं मी हा शब्द सकाळ-संध्याकाळ तोंडात घोळवत आले. शेजारची म्हातारी गेली तेव्हा म्हटलं, सुटली बिचारी. माझी मावसबहीण बाळंत झाली तेव्हा म्हटलं, सुटली एकदाची. कधी खटकलं नाही. बाईचं बाळंतपण आणि बाईचं मरण एकाच शब्दात गुंडाळून ठेवणारे कोण होते ते लोक, त्यांच्या जिभेला काय झालं होतं? एवढी भाषा पडली होती, एक शब्द जास्तीचा नाही सापडला? आणि ती मला ताई का म्हणत नव्हती, तेही त्या कट्ट्यावरच उमगलं.

घरी सगळे जेवायला बसले तेव्हा मी विषय काढला. धाकटी आत होती. ताईचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आजपासून या घरात तिला सुटली, सुटशील, सुटतेस काही म्हणायचं नाही. आणि बाळंतपण घरी नाही, दवाखान्यात. मी तिच्याबरोबर आत थांबणार."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "अगोबाई. आता तोंडाला कुलपं लावायची का आम्ही? तुझी दोन्ही बाळंतपणं याच घरात मी केली. तुला नाही काही झालं."

"मला कुणी विचारलंच नव्हतं मला काय होतंय ते."

"शब्दाने काय माणूस मरतं?" भाऊजी म्हणाला. "तिला अति विचार करायची खोडच आहे."

मी मामंजींकडे वळले. "मामंजी, दोर सुटला तर तुम्ही दिवसभर जेवत नाही. बरोबर? शब्द कानावर आला तरी तुमचं डोकं फिरतं. मग वाखाच्या दोराला सुटू नको म्हणायचं, आणि हाडामांसाच्या बाईला दारावरचा दूधवालासुद्धा सुट, सुट म्हणणार? दोराची अब्रू आहे आणि सुनेची नाही?"

मामंजींनी ताटातून मान वर केली नाही. "तोंड फार चालतं तुझं," एवढं म्हणाले. मग हात धुताना पाठमोरे म्हणाले, "आधी माल जाऊ दे."

म्हणजे कुणी काही कबूल केलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सासूबाई बोलता बोलता मधेच थांबायला लागल्या. "कधी एकदाची..." म्हणायच्या, पुढचा शब्द गिळायच्या आणि माझ्याकडे विषारी नजरेने बघायच्या. मी म्हटलं, बघा बापड्या. धाकटीला मी रोज थोडं थोडं सांगत गेले. कळ कशी येते, कशी जाते, दोन कळांच्या मधे बाई कशी चक्क डुलकी काढते. घाण होते, लाज जाते, ओरडावंसं वाटतं, ओरडायचं. जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं. ती चाल धरून ऐकायची, मागे मागे जात. आणि मी मधूनमधून, ये... ये...

ज्या दिवशी माल जायचा होता, त्याच दिवशी तिला कळा लागल्या.

सकाळची वेळ. आमचे हे दारात टेम्पो लावून दोराची वेटोळी भरत होते. भाऊजी मदतीला. शेवटच्या दोराचा शेवटचा पदर चाकावर होता. धाकटी वाटेच्या मध्यावर पोचली आणि थांबली. मी "ये" म्हणत होते, तरी थांबली. तिच्या पायाखालची माती ओली झाली होती. तिने पदर सोडला नाही, दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"पाणी गेलंय," मी हाक दिली. "टेम्पो रिकामा करा."

मामंजी वाटेवर आले. तिच्याकडे बघितलं, मग पदराकडे बघितलं. "एवढा पदर होऊ दे," म्हणाले. "पहिलटकरीण आहे, संध्याकाळपर्यंत काही होत नाही. माल पोचवून टेम्पो परत येईल, मग जा."

"होडीवाले थांबायचे नाहीत, वहिनी," भाऊजी म्हणाला. स्वतःची बायको समोर ओली उभी, आणि हा होडीवाल्यांचं सांगत होता.

"तूच घरी मोकळं कर ना तिला," सासूबाई मला म्हणाल्या. "हाताशी मी आहेच."

 धाकटी पदर हातात तसाच धरून माझ्याकडे बघत होती.

मी चाकाचा दांडा सोडला.

हे आमच्याकडे कुणी करत नाही. हात दुखो, घर पेटो, आधी पदर खुंटीला बांधायचा आणि मग दांडा सोडायचा. मी तसाच सोडला. चाक उलटं गरगरलं, पीळ उतरत गेला, अख्खा पदर मातीत पडून पिंजलेल्या केसांचा गुंता झाला. 

"सुटला," मी मामंजींना म्हटलं. "आज जेवू नका."

मग मी टेम्पोवर चढले आणि वेटोळी खाली ढकलायला लागले. एकेक वेटोळं म्हणजे भरलेलं पोतं. आमचे हे क्षणभर बघत राहिले. हा माणूस बापासमोर कधी तोंड उघडत नाही, त्या दिवशीही उघडलं नाही. पण मुकाट्याने वर चढले आणि दुसऱ्या बाजूने ढकलायला लागले. जागा झाली तशी खाली पोती टाकली, धाकटीला चढवलं. सासूबाई चपला न घालताच येऊन बसल्या. त्या का आल्या ते त्यांचं त्यांना ठाऊक.

दवाखान्यात नेमकी तीच सिस्टर. "नातेवाईक बाहेर," म्हणाली.

"मी बाहेर जाणार नाही," मी म्हटलं. "ओढून काढायची असेल तर माणसं बोलवा. पण तोवर तुमचं काम खोळंबेल, आणि गर्दी तर बघताय."

तिने माझ्याकडे बघितलं. दमलेली होती, कपाळावर केस चिकटलेले. "मधे लुडबुड करायची नाही," म्हणाली. "चक्कर आली तर उचलायला माझ्याकडे माणूस नाही."

दुपार चढली, कलली. लोखंडी खाट, खालचं रबर, शेजारच्या पडद्याआड आणखी एक ओरडणारी. धाकटी ओरडली नाही. दात आवळून, मुठी आवळून पडून राहिली, अंगाची गाठ मारून. सिस्टर म्हणाली, "अशी आकसून नको राहू, पुढे सरकत नाहीये." ती आणखी आकसली. तिचे डोळे छताला लागले होते. मला दिसत होतं, ती इथे नव्हतीच. ती कुठल्यातरी दारात बसून होती.

मी तिच्या डोक्याशी गेले, तिचा हात धरला आणि मला सुचलं ते केलं.

"ये," मी म्हटलं. "ये... ये..."

तिने डोळे फिरवले.

"मागे काही नाही. मी बघतेय. ये... ये..."

पुढची कळ आली तशी तिची बोटं माझ्या हातात एकेक करून उलगडली. तिने तोंड उघडलं आणि असा आवाज काढला की पडद्याआडची बाई गप्प झाली.

"अहो, तुम्ही काय बडबडताय?" सिस्टर म्हणाली.

"आमच्या धंद्यातलं आहे."

"बरं. बंद नका करू मग. उतरतंय."

मी बंद केलं नाही. घसा बसला, तरी ये, ये, ये. शेवटी शेवटी ती "ताई" म्हणून ओरडायला लागली. ताई, ताई ग. कुठल्या ताईला हाक मारत होती ते मी विचारलं नाही. दर वेळी म्हटलं, "आहे." तिची ताई तिथे नव्हती, कुणीतरी ओ द्यायला हवी होती.

मग सिस्टरच्या हातात ते निळसर, चिकट, रागावलेलं पोर आलं आणि रडलं. धाकटी घामाने निथळत पडली होती. मी तिच्या नाकासमोर हात धरून बघितला. चक्क बघितला. श्वास गरम होता.

"जाऊबाई," ती म्हणाली, "मला भूक लागलीये."

मी बाहेर आले. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, अनवाणी पाय पोटाशी घेऊन. मला बघून धडपडत उठल्या.

"काय ग? सु..." म्हणाल्या आणि थांबल्या. ओठ तसेच राहिले. त्यांचे डोळे भरले होते. म्हातारी घाबरली होती. शब्द तोंडात अडकून पडला होता, आणि तो काढला तर कुठला अर्थ निघेल ते आता त्यांनाही ठाऊक नव्हतं. मला कीव आली, पण मी सोडलं नाही.

"जिवंत आहे," मी म्हटलं. "भूक लागलीये तिला."

"आणि काय झालं? मुलगा की..."

"आधी मी म्हटलं ते म्हणा."

"अगं, पण..."

"म्हणा, आई."

 "जिवंत आहे," म्हणाल्या. "भूक लागलीये तिला."

"मुलगी झाली," मी म्हटलं.

त्यांनी कनवटीचा फोन काढला, घरी लावला. मामंजी पलीकडे एका घंटीत आले असावेत. सासूबाई मोठ्याने, अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा बोलल्या, "हो. जिवंत आहे. हो, भूक लागलीये म्हणते. मुलगी." मग ऐकत राहिल्या. मला वाटलं, आता होडीवाल्यांचं निघणार, मातीत पडलेल्या पदराचं निघणार, मी कंबर कसून उभी राहिले. सासूबाईंनी फोन कानापासून दूर धरला. तोंडावर नवल होतं.

"ते विचारतायत," त्या म्हणाल्या, "काय खावंसं वाटतंय तिला?"

त्या घरात मी दोन बाळंतपणं काढली. मला कुणी हे विचारलं नव्हतं. मला तिच्यासाठी बरं वाटलं. रागही होता त्यात, तो अजून आहे.

"थांबायला सांगा," मी म्हटलं. "विचारून येते." आणि आत गेले.